ईव्ह मोंताँ : गाणं, पडदा आणि पक्ष

मागच्या व्याख्यानात एदिथ पियाफचा विषय निघाला तेव्हा तिच्या आयुष्यात आलेल्या एका उंच, सडपातळ, मार्सेयच्या तरुणाचा ओझरता उल्लेख झाला होता. त्याच्याबद्दल सविस्तर बोला, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. तर आज ईव्ह मोंताँ. गायक आणि नट. दोन्हींत पहिल्या रांगेतला. पण नुसती गाण्यांची आणि चित्रपटांची यादी वाचायची असेल तर त्यासाठी व्याख्यानाला यायची गरज नाही. आपल्याला आज प्रामुख्याने बघायचं आहे ते असं, की ज्या विचारावर एका माणसाने आणि त्याच्या सगळ्या घराने जीव लावला होता, तो विचार डोळ्यांदेखत रणगाड्यांखाली आला, तेव्हा त्या माणसाने काय केलं. कारण मोंताँचं अर्धं आयुष्य या एका गोष्टीने घडवलं आहे.

सुरुवात नावापासून करू. हा फ्रान्सचा लाडका गायक जन्माने फ्रेंच नव्हताच. इव्हो लिव्ही हे त्याचं खरं नाव. 13 ऑक्टोबर 1921 रोजी इटलीतल्या टस्कनी प्रांतात, मोन्सुम्मानो नावाच्या गावात त्याचा जन्म झाला. वडील जोव्हान्नी झाडू बनवायचे आणि कट्टर डाव्या विचारांचे होते. मुसोलिनीच्या काळ्या शर्टवाल्यांनी त्यांना त्रास दिला, त्यांचा कारखाना जाळला, आणि इव्हो दोन-तीन वर्षांचा असताना कुटुंब सीमा ओलांडून फ्रान्समध्ये आलं. अमेरिकेला जायचं मनात होतं, पण मार्सेयलाच थांबावं लागलं. बंदराच्या कडेची ती गरीब कामगारवस्ती, तिथे इटालियन, आर्मेनियन, स्पॅनिश अशी सगळी पोट घेऊन आलेली माणसं. 1929 साली लिव्ही कुटुंबाला फ्रेंच नागरिकत्व मिळालं.

घरात आई ज्युसेप्पिना, थोरली बहीण लिदिया, थोरला भाऊ ज्युलियानो. या भावाला लक्षात ठेवा, तो पुढे परत येणार आहे. वडिलांचा धंदा बुडाला आणि अकरा वर्षांच्या इव्होला शाळा सोडून शेवयांच्या, म्हणजे पास्त्याच्या कारखान्यात कामाला लागावं लागलं. नंतर बहिणीच्या केशकर्तनालयात तो बायकांचे केस कापायला शिकला. युद्धाच्या काळात जहाजबांधणीच्या कारखान्यात धातूकाम केलं, गोदीत ओझी वाहिली. पुढे लोक त्याला 'कामगारांचा गायक' म्हणायचे तेव्हा ती जाहिरातबाजी नव्हती, एवढं या तपशिलांवरून कळावं.

आणि मोंताँ हे आडनाव? तो स्वतः सांगायचा ती कथा अशी : आई खिडकीतून रस्त्यावर खेळणाऱ्या पोराला हाक मारायची, 'इव्हो, मोंता!' म्हणजे 'इव्हो, वर ये!' रंगमंचासाठी नाव घ्यायची वेळ आली तेव्हा इव्होचं ईव्ह झालं आणि आईच्या हाकेचं मोंताँ. निर्वासिताच्या घरातली ही हाक पुढे पॅरिसच्या रस्त्यांवर मोठमोठ्या अक्षरांत झळकली, ही गोष्ट आम्हाला फार आवडते.

सतराव्या वर्षाच्या सुमाराला तो वस्तीतल्या छोट्या कार्यक्रमांतून गायला लागला. शेव्हालिएच्या नकला, फर्नांदेलच्या नकला, डोनाल्ड डकची नक्कल. मग शार्ल उमेल या अंध संगीतकाराने त्याच्यासाठी एक गाणं केलं, अमेरिकेच्या गवताळ मैदानातल्या गुराख्यांचं. गाणाऱ्याने अमेरिका पाहिलेली फक्त मार्सेयच्या चित्रपटगृहात! पण लोकांना ते भयंकर आवडलं. मार्सेयचं आल्काझार म्हणजे तिथलं मानाचं नाट्यगृह, आणि तिथला प्रेक्षक निर्दय म्हणून प्रसिद्ध. तिथे हा टिकला. 1944 च्या सुरुवातीला, पॅरिसवर अजून जर्मनांचा ताबा असताना, तो राजधानीत आला आणि त्याच उन्हाळ्यात मूलँ रूजमध्ये पियाफच्या कार्यक्रमात त्याची वर्णी लागली.

पियाफने त्याला काय दिलं? प्रेम दिलं, ते साधारण दोन वर्षं टिकलं. पण त्याहून मोठी गोष्ट दिली ती शिस्त. गुराख्याची टोपी काढून टाकायला लावली, बोलण्यातला मार्सेयचा हेल घालवायला लावला, आणि गाण्यातल्या शब्दाकडे बघायला शिकवलं. फ्रेंच 'शांसाँ' म्हणजे नुसतं गाणं नव्हे. तिथे शब्द आधी आणि चाल त्याच्या मागून. गायक एक छोटं नाटक उभं करतो, तीन मिनिटांत एक माणूस दाखवतो आणि निघून जातो. आपल्या भावगीताशी थोडं नातं सांगता येईल, पण अभिनयाचा वाटा इथे कितीतरी जास्त.

मोंताँने हे इतक्या टोकाला नेलं की त्याचा कार्यक्रम 'ऐकणं' पुरेसं नव्हतं, तो बघावा लागे. तपकिरी शर्ट, तपकिरी पँट, गळ्यात टाय नाही, अंगात कोट नाही. त्या काळात रंगमंचावर गायक असा येत नसे. मागे छोटा वाद्यवृंद. पियानोवर बॉब कास्तेला, जो पुढे जन्मभर त्याच्याबरोबर राहिला, आणि गिटारवर आँरी क्रोला. एखादं गाणं मुष्टियोद्ध्याचं असेल तर तो खरोखर मुष्टियोद्धा होई, आणि शेवटी मार खाऊन आंधळा झालेला मुष्टियोद्धा. हातांची प्रत्येक हालचाल आरशासमोर घोटलेली. प्रेक्षकांना वाटे, आत्ता सुचलं म्हणून केलं. प्रत्यक्षात बोटाचा कोनसुद्धा ठरलेला असायचा. तोपर्यंत म्यूझिक हॉल म्हणजे मिसळीचा कार्यक्रम : जादूगार, कसरतपटू, मग गायक. संपूर्ण संध्याकाळ एकट्या गायकाने पेलायची, ही पद्धत रुळवण्यात मोंताँचा वाटा मोठा आहे. 1953 च्या शरदात तेआत्र द लेत्वालमध्ये सुरू झालेला त्याचा एकट्याचा कार्यक्रम महिनोन्महिने चालला.

चित्रपट मात्र लवकर हाती लागला नाही. 1946 साली मार्सेल कार्ने या मोठ्या दिग्दर्शकाने 'ले पोर्त द ला न्वी' काढला. त्यात खरं तर झाँ गाबाँ आणि मार्लेन डीट्रिच यायचे होते. दोघंही बाहेर पडले आणि नवख्या मोंताँच्या गळ्यात नायकाची भूमिका पडली. चित्रपट सपशेल पडला. पण त्याच चित्रपटातून 'ले फय मॉर्त' हे गाणं बाहेर आलं, म्हणजे 'वाळलेली पानं'. शब्द झाक प्रेव्हेरचे, चाल जोझेफ कॉस्माची. ती चाल मुळात एका बॅलेसाठी बांधलेली. हे गाणंही लगेच चाललं नाही. मोंताँ चिकाटीने दर कार्यक्रमात ते गात राहिला आणि काही वर्षांनी ते त्याची ओळख झालं. इंग्रजीत जॉनी मर्सरने त्याला शब्द दिले आणि जगभरच्या जॅझवाल्यांनी ते उचललं. तुमच्यापैकी अनेकांनी ती चाल ऐकलेली असणार, मोंताँचं नाव माहीत नसताना. नट म्हणून त्याला खरी मान्यता मिळाली ती 1953 च्या 'ल सालेर द ला पर' मध्ये. क्लूझोचा हा चित्रपट, स्फोटकांनी भरलेले ट्रक खडबडीत डोंगरी रस्त्यावरून नेणाऱ्या चार माणसांचा. कानमध्ये त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. बघितला नसेल तर जरूर बघा, आजही घाम फुटतो.

त्याआधी 1949 च्या ऑगस्टमध्ये, दक्षिण फ्रान्समधल्या सँ-पोल-द-व्हाँस या गावी, त्याची सिमोन सिन्योरेशी गाठ पडली. ती विवाहित, एका मुलीची आई, उत्तम नटी, वाचन दांडगं. 1951 मध्ये दोघांनी लग्न केलं. हे जोडपं पुढे पस्तीसेक वर्षं फ्रान्सच्या सार्वजनिक जीवनात वावरलं, आणि त्या काळाच्या राजकारणाबद्दल बोलायचं तर दोघांना वेगळं काढता येत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ.

मोंताँ कम्युनिस्ट पक्षाचा सभासद कधीच नव्हता. हे नीट लक्षात घ्या, कारण अनेक ठिकाणी उलट लिहिलेलं आढळतं. पण घर तसं होतं. वडील तसे, भाऊ ज्युलियानो, म्हणजे फ्रान्समध्ये झ्यूलियाँ, तो तर कामगार संघटनेचा नेता आणि पक्षाचा निष्ठावान. ज्यांनी बापाचा कारखाना जाळला त्यांच्याशी लढणारे कोण, तर कम्युनिस्ट. एवढं साधं गणित होतं ते. अण्वस्त्रबंदीच्या 1950 च्या स्टॉकहोम आवाहनावर मोंताँने सही केली. इंडोचीनच्या युद्धाच्या काळात तो फ्राँसिस लमार्कचं सैनिकाबद्दलचं युद्धविरोधी गाणं गायचा, ज्यावर रेडिओने बंदी घातली होती. आर्थर मिलरचं चेटकिणींच्या खटल्यावरचं नाटक सिमोनबरोबर पॅरिसमध्ये केलं, पुढे त्याचा चित्रपट झाला तो सार्त्रच्या पटकथेवर. अमेरिकेने कित्येक वर्षं त्याला व्हिसा दिला नाही. आणि सोव्हिएत रशियात, जिथे तो एकदाही गेला नव्हता, तिथे लोक वेडे झाले होते. कळसूत्री बाहुल्यांचा प्रसिद्ध कलावंत ओब्राझ्त्सोव्ह याने रेडिओवर त्याच्या ध्वनिमुद्रिका वाजवल्या आणि तो घराघरांत पोचला. त्याच्याबद्दल रशियन भाषेत एक गाणं निघालं आणि मार्क बेर्नेसने ते गाऊन लोकप्रिय केलं. राज कपूरच्या 'आवारा'ने हाच प्रेक्षक दोनच वर्षं आधी पागल झाला होता, हे आठवलं की त्या काळच्या मॉस्कोची भूक कळते.

सोव्हिएत दौरा 1956 च्या अखेरीस ठरला. आणि 4 नोव्हेंबर 1956 ला सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले.

आता करायचं काय? गेलास तर रणगाड्यांना टाळी वाजवलीस. नाही गेलास तर बापाच्या शत्रूंच्या पंगतीत जाऊन बसलास. उजव्या गटांकडून धमक्या येत होत्या, पक्षाकडून 'गेलंच पाहिजे' असा आग्रह होता, मित्र दोन्ही बाजूंनी बोलत होते. नोव्हेंबरभर हे घर झोपलं नसणार. शेवटी डिसेंबरच्या मध्यावर दोघं निघाली.

मॉस्कोत गर्दीचा महापूर. लुझ्निकीच्या क्रीडागृहात हजारो लोक. आणि एका कार्यक्रमानंतर अचानक निरोप आला की जेवायला थांबा. मेजावर कोण? ख्रुश्चेव्ह, मोलोतोव्ह, मिकोयान, बुल्गानिन, मालेंकोव्ह. म्हणजे त्या महासत्तेचं अख्खं सरकार. बाकी कुठलाही पाहुणा गायक अशा वेळी काय करेल? चषक उंचावेल, आभार मानेल, फोटो काढून घेईल. मोंताँ आणि सिमोन यांनी हंगेरीचा विषय काढला. रणगाडे का पाठवले, हे विचारलं. पुढे बराच वेळ तेच बोलणं चाललं. ख्रुश्चेव्हने स्टालिनच्या काळातल्या गोष्टी सांगितल्या, हंगेरीतल्या कारवाईचं समर्थन केलं, आणि हे दोघं दुभाष्यामार्फत प्रश्न विचारत राहिले. सिमोनने पुढे 1976 साली आपल्या आत्मचरित्रात या जेवणाचं तपशीलवार वर्णन केलं आहे.

इथे थोडं थांबू. या प्रसंगाला शौर्याची झालर लावण्याचा मोह होतो. पण बाहेरच्या जगाला त्या रात्री काय दिसलं? दिसलं ते एवढंच की मोंताँ मॉस्कोत गातोय आणि ख्रुश्चेव्ह टाळ्या वाजवतोय. आतलं बोलणं आत राहिलं. दौरा पुढे पूर्व युरोपातल्या देशांतून फिरला, थेट बुडापेस्टपर्यंत, आणि तिथे तर गाणंसुद्धा जड झालं असणार. परत आल्यावर दोघांनी मोठी जाहीर घोषणा वगैरे केली नाही. श्रद्धा गेली, पण बोलणं फुटायला वेळ लागला. आम्हाला हा गप्प राहण्याचा काळ त्या जेवणापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. खूप माणसं अशीच विश्वासातून बाहेर पडतात, आवाज न करता.

दरम्यान 1959 ला अमेरिकेचं दार उघडलं. ब्रॉडवेवर एकट्याचा कार्यक्रम गाजला, लगेच हॉलिवूड, 'लेट्स मेक लव्ह', मॅरिलिन मन्रो. त्या प्रकरणावर इतकी शाई सांडली आहे की आपण त्यात भर घालायला नको. 1960 च्या वसंतात सिमोनला 'रूम ॲट द टॉप'साठी ऑस्कर मिळालं आणि वर्तमानपत्रांनी तिच्याकडे बघितलं ते फसवली गेलेली बायको म्हणून, याचा मात्र आम्हाला अजून राग येतो. लग्न टिकलं.

साठच्या दशकात दोन माणसं त्याच्या आयुष्यात आली. एक, ग्रीसहून आलेला दिग्दर्शक कोस्ता-गाव्रास. दुसरा, स्पॅनिश लेखक होर्हे सेम्प्रुन, बुखेनवाल्डच्या छळछावणीतून वाचलेला, नंतर स्पॅनिश कम्युनिस्ट पक्षात भूमिगत काम केलेला आणि पुढे पक्षातून काढलेला. 1966 मध्ये अलाँ रेनेच्या 'ला गेर ए फिनी'मध्ये मोंताँने असाच एक थकलेला भूमिगत कार्यकर्ता रंगवला, पटकथा सेम्प्रुनची. मग 1969 मध्ये 'झेड'. ग्रीसमधले खासदार ग्रिगोरिस लाम्ब्राकिस यांच्या 1963 मधल्या हत्येवरचा हा चित्रपट. मोंताँ पडद्यावर थोडाच वेळ आहे, पण सगळा चित्रपट त्याच्या भोवती फिरतो. ग्रीसमध्ये तेव्हा लष्करी राजवट होती, तिने त्यावर बंदी घातली. डाव्यांनी 'झेड'ला डोक्यावर घेतलं. साहजिक आहे, खलनायक उजवे होते.

आणि पुढच्याच वर्षी, 1970 मध्ये, तोच दिग्दर्शक, तोच लेखक, तोच नट यांनी 'लाव्ह्य' काढला. म्हणजे 'कबुलीजबाब'. हा आर्तुर लंडन यांच्या पुस्तकावर आधारलेला. लंडन हे स्पेनच्या यादवीत लढलेले, नाझींच्या माउटहाउझेन छावणीतून वाचलेले, नंतर चेकोस्लोव्हाकियाचे परराष्ट्र उपमंत्री. 1951 मध्ये त्यांना त्यांच्याच पक्षाच्या सरकारने अटक केली. झोपू द्यायचं नाही, बसू द्यायचं नाही, तासन्‌तास चालायला लावायचं, कबुलीजबाबाची वाक्यं पाठ करून घ्यायची. 1952 च्या त्या खटल्यात चौदा आरोपी होते, अकरांना फाशी झाली, तिघांना जन्मठेप. लंडन त्या तिघांपैकी.

या भूमिकेसाठी मोंताँने उपासमार करून घेतली. वजन एवढं उतरवलं की पडद्यावरचा तो खंगलेला चेहरा रंगभूषेचा नाही, त्याचा स्वतःचा आहे. पत्नीची भूमिका सिमोनने केली, जी खटल्याच्या वेळी पक्षाचं म्हणणं खरं मानून नवऱ्याला दोषी धरते. ही निवड साधी नव्हती. 1952 मध्ये तो खटला चालू असताना पॅरिसमधले हे दोघेही गप्पच राहिले होते. मोंताँला त्या भूमिकेत प्रायश्चित्ताचा भाग आहे असं वाटत होतं, आणि ते त्याने लपवलं नाही. कम्युनिस्टांनी चित्रपटावर सडकून टीका केली. घरात काय झालं असेल याची कल्पना करा. झ्यूलियाँ पक्षातच होता. दोघं भाऊ एकाच भाकरीवर वाढलेले. पुढे बराच काळ त्यांच्यात अबोला राहिला. राजकारणाच्या इतिहासाच्या पुस्तकांत अशा अबोल्यांना जागा नसते.

पण तो लगेच उजव्यांच्या कुशीत गेला असंही नाही. 1972 मध्ये कोस्ता-गाव्राससाठी 'एता द सिएज' केला, दक्षिण अमेरिकेतल्या अमेरिकी ढवळाढवळीवर. त्याचं चित्रीकरण आयेंदेंच्या चिलीमध्ये झालं. सप्टेंबर 1973 ला तिथे लष्कराने सत्ता घेतली. फेब्रुवारी 1974 मध्ये चिलीच्या निर्वासितांसाठी मोंताँने ऑलिंपियात एका रात्रीचा कार्यक्रम केला. काही वर्षं तो रंगमंचावर गायलाच नव्हता. तयारीला थोडेच दिवस. क्रिस मार्करने त्या तालमींवर एक माहितीपट काढला. त्यात आपल्याला दिसतो एक बावन्न वर्षांचा, चिडचिडा, शब्द विसरायला घाबरणारा माणूस, बिचाऱ्या बॉब कास्तेलावर खेकसणारा, आणि तरी अचूक. गायकाचं काम म्हणजे काय, हे समजून घ्यायचं असेल तर आम्ही हाच माहितीपट सुचवू.

मधल्या चित्रपटांवरून आपण भरभर जाऊ : मेल्व्हिलचा 'ल सेर्क्ल रूज', द फ्युनेसबरोबरचा धमाल विनोदी 'ला फोली दे ग्रांदर', सोतेचा 'सेझार ए रोझाली'. शेवटचा तर आमच्या विशेष आवडीचा. बडबड्या, श्रीमंत, प्रेमात लहान मूल झालेला माणूस मोंताँने असा केला आहे की हसताना पोटात तुटतं.

साठीत तो पुन्हा गाण्याकडे वळला. 1981 च्या ऑक्टोबरमध्ये ऑलिंपिया, तीन महिने. नंतर जगाचा दौरा आणि 1982 मध्ये न्यू यॉर्कचं मेट्रोपॉलिटन ऑपेरा. डिसेंबर 1981 मध्ये पोलंडमध्ये लष्करी कायदा लागू झाला, तेव्हा फूको आणि बुर्द्यू यांनी लिहिलेलं निषेधाचं पत्रक रेडिओवर मोंताँने वाचलं. पंचवीस वर्षांपूर्वी न निघालेला आवाज आता निघाला. पुढे मात्र तो बराच बोलू लागला. 1984 मध्ये दूरचित्रवाणीवर आर्थिक संकटावरचा एक कार्यक्रम त्याने सादर केला, त्यात बाजाराची तरफदारी पाहून जुने सोबती हादरले. तो राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहणार अशीही हवा उठली. उभा राहिला नाही ते बरंच झालं असं आमचं मत. नटाला दर संध्याकाळी नवी भूमिका मिळते, राष्ट्राध्यक्षाला ती सोय नसते.

1985 मध्ये तो प्रोव्हाँसमध्ये क्लोद बेरीच्या 'झाँ द फ्लोरेत'चं चित्रीकरण करत होता. 30 सप्टेंबरला सिमोन गेली. अंत्यसंस्कार करून तो परत कामावर आला. पान्योलच्या कादंबरीवरच्या या दोन भागांच्या चित्रपटात तो 'पापे' हा म्हातारा आहे. पाण्याचा झरा बुजवून शेजाऱ्याचं वाटोळं करणारा, आणि फार उशिरा कळतं त्याला की तो शेजारी त्याचाच मुलगा होता. बाकावर बसून ती बातमी ऐकतानाचा मोंताँचा चेहरा बघा. गळा नाही, हातवारे नाहीत, काहीच नाही. आणि आवाजात मार्सेयचा तो हेल, जो पियाफने घालवायला लावला होता.

1988 च्या शेवटच्या दिवशी, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, तो कारोल आमियेलपासून पहिल्यांदा बाप झाला. मुलाचं नाव व्हालांताँ. 9 नोव्हेंबर 1991 रोजी, बेनेक्सच्या 'आय पी 5' चित्रपटाचं त्याचं काम संपता संपता, हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. त्या चित्रपटातला त्याचा म्हातारासुद्धा हृदयविकारानेच मरतो. पेर लाशेझच्या दफनभूमीत सिमोनशेजारी त्याला पुरलं.

तिथेही शांतता मिळाली नाही. एका स्त्रीने पितृत्वाचा दावा लावला होता, आणि 1998 मध्ये न्यायालयाच्या आदेशावरून डीएनए तपासणीसाठी त्याचं शव उकरून काढण्यात आलं. तपासणीत दावा खोटा ठरला. मृत माणसाने जिवंतपणी तपासणीला नकार दिलेला असताना असं करावं का, यावर फ्रान्समध्ये मोठा वाद झाला आणि पुढे तिथल्या कायद्यातही बदल झाला. त्याबद्दल कोणाला प्रश्न असतील तर आता विचारा, आपल्याकडे दहा मिनिटं आहेत.